प्लेगवाला साहेब

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नगरच्या कापड बाजारातून टू-व्हीलर बाहेर काढून दाखवणं ही आपल्याकडची खरी ड्रायव्हिंग टेस्ट. एका अंगाला साड्यांची दुकानं, दुसऱ्या अंगाला जमिनीवर मांडलेल्या पणत्या, मधून एखादी हातगाडी, आणि वर मान केली तर गॅलरीत कुणीतरी शांतपणे कपडे वाळत घालतंय. खाली दुकान, वर घर, मागं गोडाऊन. दाळमंडईत जा, आडते बाजारात जा, कमी-अधिक हेच चित्र. अशा गर्दीत अडकलं की हमखास वाटतं, हे सगळं एकदा बुलडोझर लावून सरळ करून टाकावं. दुकानं एकीकडे, घरं एकीकडे, मधून ऐसपैस रस्ता. मलाही वाटलंय, खोटं कशाला बोला.

सव्वाशे वर्षांपूर्वी हे नुसतं वाटत नव्हतं, ते सरकारी धोरण होतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्ती म्हणजे रोग, हे समीकरण साहेबाच्या डोक्यात पक्कं बसलं. १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. जुन्या वस्त्या पाडायच्या, त्यातून सरळ रुंद रस्ते काढायचे, हे त्याचं मोठं काम. सँडहर्स्ट रोड तसाच निघाला. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली जायची आणि रेघेखाली येईल ते पडायचं. रेघेखालची माणसं कुठं जायची? बहुतेकदा शेजारच्या गल्लीत. मग ती गल्ली आणखी दाटायची. पुण्यात १८९७ ला प्लेगच्या नावानं सोल्जर घरात घुसले, सामान रस्त्यावर आलं, आणि पुढं रँडचा खून झाला, तो धडा आपण सगळ्यांनी शाळेत वाचलाय. म्हणजे वही-पेन्सिल घेऊन कुणी गोरा माणूस गल्लीत शिरला, की लोकांच्या पोटात गोळा यायचा, आणि त्याला कारण होतं.

असाच एक गोरा, विस्कटलेल्या पांढऱ्या दाढीचा म्हातारा १९१७ मध्ये इंदूरच्या गल्ल्यांमधून हिंडत होता. नाव पॅट्रिक गेडिस. आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग करणाऱ्यांना हे नाव परीक्षेच्या आदल्या रात्री भेटतं आणि पेपर झाला की निघून जातं. बाकीच्यांना ते माहीत असायचं कारण नाही. पण आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीची लेक ज्या होळकरांच्या घरात गेली, जिचं नाव २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याला मिळालं, त्या होळकरांच्या शहराशी या माणसाची गोष्ट बांधलेली आहे. म्हणून त्याची ओळख करून घ्यायला हरकत नाही.

गेडिसचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलटर गावचा. वडील फौजेत होते. तो शेंडेफळ. पर्थ शहराजवळच्या टेकडीवर त्यांचं घर होतं, भोवती बाग. बापलेक मिळून बटाटे लावायचे, टेकडीवर भटकायचे आणि वरून खालचं गाव, नदी, शेतं एका नजरेत बघायचे. गाव उंचावरून बघायची ही सवय त्याला जन्मभर पुरली.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र हा माणूस पालकांना धडकी भरवणारा. आधी बँकेत उमेदवारी केली, दीडेक वर्षात सोडली. वनस्पतिशास्त्र शिकायला एडिंबरा विद्यापीठात गेला आणि एका आठवड्यात परत आला. तिथं जिवंत झाडांपेक्षा वाळवलेल्या नमुन्यांची चिरफाड जास्त होती, ती त्याला सोसवेना. मग लंडनला थॉमस हक्सले यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकला. डार्विनची बाजू जगभर लढवणारे हेच ते हक्सले. त्यांच्या हाताखाली चांगला तयार झाला, पण पदवी कधीच घेतली नाही. पुढं दोन विद्यापीठांत प्रोफेसर झाला तरी नावापुढं लावायला साधी बी.ए.सुद्धा नव्हती. (हे घरी सांगून उपयोग नाही. तो काळ वेगळा होता.)

१८७९ मध्ये तो नमुने गोळा करायला मेक्सिकोला गेला आणि तिथं आजारी पडून त्याची दृष्टी गेली. पंचविशीतला मुलगा, सूक्ष्मदर्शकावर करिअर करायला निघालेला, आणि डॉक्टरांनी आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत बसवलेलं. हातानं चाचपडताना त्याला खिडकीच्या तावदानांच्या चौकटी लागल्या. त्या चौकटींवर बोटं फिरवत तो विचार मांडू लागला. एका चौकटीत एक कल्पना, शेजारच्या चौकटीत दुसरी, मग त्यांचं एकमेकींशी नातं काय ते शोधायचं. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून तासन्‌तास बसणं आता झेपणारं नव्हतं. कागदाला घड्या घालून चौकटी पाडायची सवय मात्र शेवटपर्यंत राहिली.

त्या चौकटींत त्यानं भरलेली सगळ्यात गाजलेली त्रयी म्हणजे जागा, काम आणि माणसं. मूळ कल्पना फ्रेडरिक ल प्ले या फ्रेंच अभ्यासकाची. गेडिसनं ती शहरांना लावली. माणूस कुठं राहतो त्यावर तो काय काम करतो ते ठरतं, कामावर कुटुंब कसं जगतं ते ठरतं, आणि ही साखळी उलटीही फिरते. यातलं एक उपटून दुसरीकडे लावलं की उरलेली दोन सुकतात. ऐकायला सोपं वाटतं. पण दुकानं एकीकडे आणि घरं एकीकडे करू असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा ते नेमकं हेच उपटत असतं.

याच विचारातून त्यानं पुढं एक चित्र मांडलं, त्याला तो दरीचा छेद म्हणायचा. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीच्या कडेनं खाली उतरत जायचं, आणि कुठल्या उंचीवर लोक काय करून जगतात ते बघायचं. वर लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, मध्ये शेतकरी, खाली बागायतदार, शेवटी कोळी. शहर या सगळ्यांच्या जिवावर उभं असतं, ते एकटं कधीच नसतं, असा त्याचा मुद्दा. हे चित्र आपल्या जिल्ह्याइतकं चपखल क्वचितच कुठं बसत असेल. कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, अकोल्यात. तिथं भातखाचरं आणि हिरड्याची झाडं. रतनगडाच्या अंगानं प्रवरा निघते, भंडारदऱ्याच्या धरणात थांबते, अकोले-संगमनेरवरून भाजीपाला आणि दूध घेत खाली येते, राहाता-श्रीरामपूरच्या पट्ट्यात ऊस आणि कारखाने, आणि नेवाशाजवळ गोदावरीला मिळते. त्या उसाला तोडायला माणसं येतात ती पाथर्डीसारख्या कोरड्या तालुक्यांतून. कापड बाजारात दिवाळीला साडी घेणारी बाई यातल्या कुठल्या तरी गावची असते. गेडिसला नगरचा रस्ता काढायला सांगितला असता तर तो आधी एसटीनं अकोल्याला गेला असता, असं माझं पक्कं मत आहे.

पाटलीण वाड्यातून चाळीत

१८८६ मध्ये त्याचं ॲना मॉर्टनशी लग्न झालं. मुलगी खात्यापित्या व्यापाऱ्याच्या घरची, संगीत शिकलेली. नव्या नवरीला त्यानं कुठं नेलं? एडिंबराच्या जुन्या गावातल्या जेम्स कोर्ट नावाच्या वस्तीत. तेव्हा एडिंबराची दोन शहरं झाली होती. पैसेवाले लोक सरळ रस्त्यांच्या, रुंद, देखण्या नव्या गावात राहायला गेले होते. जुन्या गावातल्या उंच इमारतींमध्ये मागं राहिले ते गरीब. एका खोलीत एक कुटुंब, जिन्यात अंधार, बोळात कचरा. आपल्याकडे जुने वाडे ओस पडून सावेडी भरली, तशातलाच प्रकार. फरक इतकाच की तिथले वाडे ओस पडले नाहीत, तुडुंब भरले.

गेडिस दांपत्यानं भाषण दिलं नाही. भिंतींना रंग काढायला घेतला. खिडक्यांत कुंड्या ठेवल्या. बोळ झाडला. सुरुवातीला शेजारीपाजारी गंमत बघत उभे राहिले असतील, दुसरं काय करणार. हळूहळू हात लागायला लागले. हा मोठ्या घरचा शौक नाही, ही माणसं खरंच इथं राहणार आहेत, हे कळल्यावर लोकांची नजर बदलली. पहिली मुलगी त्यांना तिथंच झाली.

मग त्यानं एकेक मोडकी इमारत घ्यायला सुरुवात केली. सगळी पाडायची नाही. जो भाग खरंच धोक्याचा तेवढाच काढायचा, मागं थोडी मोकळी जागा करायची, तिथं बाग, बाकीचं दुरुस्त करायचं. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी त्याच वस्तीत हॉस्टेलं काढली, आणि विशेष म्हणजे ती विद्यार्थ्यांनीच चालवायची होती, वर रेक्टर नाही. प्रोफेसर, कामगार, दुकानदार, पोरं सगळी एका गल्लीत राहिली तर गल्ली जिवंत राहते, यावर त्याचा विश्वास होता. पैशांचा हिशेब मात्र त्याला कधीच जमला नाही. त्यासाठी मित्रांना कंपनी काढून त्याचा पसारा सावरावा लागला. नोकरी होती डंडीच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राची. एका हितचिंतकानं देणगी देऊन त्याच्यासाठी ती जागा केली होती आणि वर्षातून फक्त उन्हाळ्याच्या सत्रात शिकवायचं होतं. उरलेले नऊ महिने हा माणूस मोकळा.

१८९२ मध्ये त्यानं किल्ल्याजवळचा एक मनोरा घेतला. पाहुण्याला आधी धापा टाकत सगळ्यात वर न्यायचं. तिथं आरशा-भिंगाच्या युक्तीनं अंधाऱ्या खोलीतल्या टेबलावर पूर्ण शहराचं हलतं चित्र दिसायचं. मग एकेक मजला खाली उतरायचं. आधी शहर, मग देश, मग युरोप, मग जग. वाटेत एक छोटीशी रिकामी खोली होती, आत फक्त एक खुर्ची. जे पाहिलं त्यावर एकट्यानं बसून विचार करायला. आजच्या कॉलेजांत या खोलीची जास्त गरज आहे असं वाटतं, पण तिथंही कुणी चार्जर लावेल.

बुडालेलं प्रदर्शन

शहरांचे नकाशे, चित्रं, आराखडे यांचं मोठं प्रदर्शन घेऊन तो गावोगाव फिरायचा. १९१४ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरांनी, लॉर्ड पेंटलंड यांनी, त्याला ते घेऊन हिंदुस्थानात बोलावलं. साठीला आलेला माणूस मुलाला, ॲलिस्टरला, बरोबर घेऊन निघाला. प्रदर्शनाच्या पेट्या वेगळ्या जहाजानं येत होत्या, त्याचं नाव क्लॅन ग्रँट. तोवर महायुद्ध पेटलं होतं. एम्डन या जर्मन युद्धनौकेनं, जिनं मद्रासवर तोफा डागल्या त्याच एम्डननं, क्लॅन ग्रँट बुडवलं. आयुष्यभर जमवलेलं सगळं समुद्राच्या तळाशी. मित्रांनी घाईघाईनं इंग्लंडातून नवं साहित्य जमवून पाठवलं आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरलंच.

पुढच्या काही वर्षांत त्यानं हिंदुस्थानातल्या पन्नासेक गावांचे अहवाल लिहिले. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा गावांचाही लिहिला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात देशातला पहिला नगररचना कायदा झाला.

त्याची पद्धत अशी. गावात गेलं की आधी चालायचं. पहाटे निघायचं, दुपारपर्यंत चालायचं. बरोबरचे ओव्हरसियर दमून जायचे. प्रत्येक विहीर, प्रत्येक पिंपळ, देऊळ, मशीद, ओटा, अंगण नकाशावर आलं पाहिजे. इंजिनिअरनं पट्टीनं मारलेली रेघ तो शेजारी ठेवायचा आणि मोजायचा की या रेघेनं किती घरं जातात. मग स्वतःचा नकाशा काढायचा. इथली दोन पडकी घरं काढली तर चौक मिळतो. तिथली रिकामी जागा वापरली तर गल्लीला दुसरं तोंड फुटतं. हा कोपरा थोडा छाटला की बैलगाडी वळते. घरं जातात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. डॉक्टर रोग्याचा हात कापण्याआधी तो वाचवायचा प्रयत्न करतो ना, तसं त्याचं शस्त्रक्रियेचं तत्त्व होतं, जपून करायची. खर्चही इंजिनिअरच्या योजनेच्या मानानं फार कमी यायचा. यामुळे इंजिनिअर मंडळी त्याच्यावर खूश नव्हती हे सांगायला नको.

आणि त्याला आपल्या गल्ल्यांत जे दिसलं ते बाकीच्या साहेबांना दिसलं नव्हतं. ओट्यावर बसून विणणारा, घडवणारा, शिवणारा माणूस म्हणजे त्यांना अडथळा वाटायचा. गेडिसला तिथं त्याची जुनी त्रयी दिसली, जागा, काम, माणसं, एकाच उंबऱ्यावर. आपल्या नगरच्या भागांची नावंच वाचा. कापड बाजार, दाळमंडई, माळीवाडा, तोफखाना. नावातच काम आहे. दक्षिणेत त्यानं बघितलं की रथ ओढायचा असतो म्हणून देवळाभोवतीचा रस्ता पिढ्यान्‌पिढ्या कुणी बळकावलेला नाही. नगररचना खात्याच्या नोटिशीनं जे होत नाही ते वर्षातून एका दिवसाच्या रथानं होतं. अंगणातल्या तुळशीवर तर तो लट्टूच होता. रोज सकाळी तिला पाणी घालणारी बाई घराभोवतीची जागा स्वच्छ ठेवते, म्हणजे आरोग्य खात्याचं निम्मं काम तिनंच केलेलं असतं, असा त्याचा हिशेब.

१९१७ साल त्याला फार वाईट गेलं. ॲलिस्टर फ्रान्सच्या आघाडीवर गेला होता. एप्रिलमध्ये तो तिथं मारला गेला. बातमी आली तेव्हा ॲना हिंदुस्थानात तापानं अंथरुणाला खिळली होती. तिला हे सोसणार नाही म्हणून गेडिसनं सांगितलंच नाही. तिच्या उशाशी बसायचं, मुलगा खुशाल आहे असं भासवायचं, आणि बाहेर येऊन एकट्यानं काय ते सोसायचं. जूनमध्ये कलकत्त्यात ती गेली, मुलगा आधीच गेलाय हे न कळता. जेम्स कोर्टच्या भिंती रंगवणारे दोन हात कमी झाले.

त्यानंतर काही महिन्यांनी तो इंदूरला आला.

एका दिवसाचा महाराजा

तेव्हा गादीवर तुकोजीराव होळकर तिसरे होते. शहरात प्लेगचं येणं-जाणं होतं, गिरण्या वाढत होत्या, दरबारला शहराचा आराखडा हवा होता. गेडिस नेहमीप्रमाणे गल्ल्या तुडवायला लागला. पण इथं एक गोष्ट त्याला खटकली. तो आला की बायका मुलांना ओढून आत घ्यायच्या, लोक त्याच्याकडे बोट दाखवून कुजबुजायचे. बरोबरच्या माणसाला त्यानं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, की हा प्लेग आणणारा साहेब आहे असं लोक म्हणताहेत. वही घेऊन आला, आता घर पाडणार, किंवा रोग तरी येणार.

दुसरा कुणी असता तर त्यानं पोलीस बंदोबस्त मागितला असता. गेडिसनं दरबारकडे जाऊन मागितलं ते असं, की मला एका दिवसापुरता महाराजा करा. दरबारनं मान्य केलं. पुढची हकिकत बरीचशी त्याच्याच तोंडची आहे, आणि गोष्ट रंगवून सांगायची त्याला हौस होती, हे ध्यानात ठेवून वाचा.

त्यानं दिवाळीला एक मिरवणूक जाहीर केली. मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही, म्हणजे हिंदूंच्या ठरलेल्या रस्त्यानंही नाही आणि मुसलमानांच्याही नाही. जो भाग आपली घरं, बोळ सगळ्यात जास्त दुरुस्त आणि स्वच्छ करेल, त्या भागातून जाईल. कचरा उचलायला गाड्या फुकट. बस, शहर कामाला लागलं. आपल्या गल्लीतून हत्ती गेला पाहिजे यासाठी माणूस काय काय करतो ते आपल्या गणेश मंडळांना विचारा. गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर गेला, उंदरांचे पिंजरे भरले, घरांना चुना लागला.

आणि मिरवणूक निघाली. पुढं फौज, हत्ती, उंट. मग शेती, धान्य, कापूस, लक्ष्मी. मग एकदम बेसूर वाजंत्री आणि मागून राक्षस, रोगराई, पडक्या काळोख्या घरांच्या प्रतिकृती, भलामोठा रावण, आणि प्लेगचा एक अक्राळविक्राळ उंदीर. मग थोडं अंतर सोडून पुन्हा आनंदाचं संगीत आणि पाठोपाठ चालत आले शहराचे सफाई कामगार. स्वच्छ पांढरे कपडे, नवे फेटे, हातात नवे झाडू, झाडूंना फुलांचे हार. ज्यांना लोक एरवी सावली पडू नये म्हणून बाजूला सारायचे, ते मिरवणुकीच्या मानाच्या जागी होते. त्यांच्यामागं नव्या शहराच्या प्रतिकृती, घरं, वाचनालय, बागा, आणि गवंडी, कुंभार वगैरे कारागिरांच्या गाड्या. शेवटच्या गाडीतून लोकांना फळं, फुलं आणि तुळशीची रोपं वाटली. रात्री रावण आणि उंदीर दोघांना जाळलं.

प्लेग ओसरला. ऋतूप्रमाणे तो तसाही ओसरत असतो, त्यामुळे श्रेय उंदीर जाळण्याला द्यायचं कारण नाही. पण त्यानंतर गेडिस गल्लीत शिरला की दारं लागत नव्हती. लोक ओट्यावर बसवून घर दाखवायला लागले.

१९१८ मध्ये त्याचा इंदूरचा अहवाल दोन खंडांत निघाला. जुन्या गावातून रुंद रस्ते घुसवू नका, नद्यांचे काठ बागांसाठी ठेवा, गिरणी कामगारांची घरं बागेसकट बांधा, एक विद्यापीठ काढा. त्यातलं बरंच कागदावर राहिलं. तरी इंदूरला गेलात तर रात्री सराफ्यात जा. दिवसभर सोनं विकणाऱ्या पेढ्यांची शटर पडली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि जिलबीच्या कढया लागतात. एकच रस्ता दिवसा सराफ बाजार, रात्री खाऊगल्ली. सरळ रेघ मारणाऱ्या साहेबाच्या हाती हा रस्ता लागला असता तर काय झालं असतं याचा विचार मी दुसरी प्लेट खाताना केला होता.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठानं समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा नवा विभाग काढून त्याला पहिला प्रोफेसर नेमलं. वय पासष्ट. वर्गात तो दाढीत पुटपुटायचा, पहिल्या बाकावरही नीट ऐकू यायचं नाही, एक विषय सुरू करून पाचव्याच विषयावर संपवायचा. त्याच्यापेक्षा पोरांना चालत मुंबई दाखवणं त्याला जमायचं. मालवणकडचा, संस्कृत घेऊन एम.ए. झालेला एक तरुण त्याच्याकडे आला. मुंबई शहरावर त्यानं लिहिलेला निबंध गेडिसला आवडला आणि शिष्यवृत्तीसाठी त्यानं त्याची शिफारस केली. तो तरुण म्हणजे गोविंद सदाशिव घुर्ये. पुढं तोच त्या विभागाचा प्रमुख झाला आणि देशातल्या समाजशास्त्रज्ञांची एक पिढी त्याच्या हाताखाली तयार झाली.

त्याच सुमाराला मुंबईतच सिडनहॅम कॉलेजात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकवत होते. जुन्या गल्लीकडे त्या जागेवरून बघितलं तर गेडिसच्या चित्रातली एक मोठी फट दिसते. त्यानं कामगार आणि कारागीर पाहिले, ओटे आणि तुळशी पाहिल्या. पण ज्या वस्तीत काम आणि घर एकत्र होतं, तिथं काम जन्मानंच ठरलेलं होतं. कुणी कुठल्या आळीत राहायचं, कुणी वेशीबाहेर, कुठली विहीर कुणाची, हेही ठरलेलं होतं. झाडूला हार घातला ते एक दिवस. दुसऱ्या दिवशी झाडू त्याच हातात होता. गेडिसला हे अजिबात दिसलं नाही असं नाही, नाहीतर त्यानं त्या माणसांना मिरवणुकीत मानाची जागा दिली नसती. पण जुन्या गावाच्या प्रेमात पडलेल्या माणसाला जुन्या गावाचा जाच कमी टोचतो. जुनं ते वाचवा म्हणताना त्यातलं काय वाचवायचं नाही, याची यादी त्यानं कधी नीट केली नाही.

१९२३ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. तिथं लुई ममफर्ड हा तरुण लेखक, पत्रांतून त्याचा शिष्य झालेला, त्याला पहिल्यांदा भेटला. गेडिसनं त्याचे खांदे धरले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. या मुलात त्याला ॲलिस्टर दिसला होता. त्याचं राहिलेलं सगळं काम ममफर्डनं पुरं करावं असा त्याचा हट्ट होता. ममफर्डनं दुसऱ्याचा मुलगा व्हायला नकार दिला, पण शहरांवर पुढं जी पुस्तकं लिहिली त्यांत गेडिस जागोजागी आहे. गेडिसची स्वतःची पुस्तकं मात्र अर्धवटच राहिली. तेल अवीवचा आराखडा त्यानं १९२५ मध्ये दिला आणि तो बराच अमलातही आला. त्याआधी, १९२४ मध्ये, तब्येतीमुळे त्यानं हिंदुस्थान सोडला होता आणि फ्रान्सच्या दक्षिणेला मोंपेलिए इथं टेकडीवर विद्यार्थ्यांसाठी एक कॉलेज बांधायला घेतलं होतं. पैशांचा घोळ इथंही होताच. १९३२ च्या सुरुवातीला त्याला सर ही पदवी मिळाली, आयुष्यातली पहिली. १७ एप्रिलला तो तिथंच वारला.

१९६५ मध्ये महाराष्ट्र शासनानं त्याचा सहा गावांचा अहवाल पुन्हा छापून काढला. पुढच्याच वर्षी राज्याचा प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा झाला. त्यात विकास आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवून ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवायची तरतूद आहे. २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रित नियमावलीत तर कुठल्या घराखाली दुकान चालेल हे बरंचसं समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर ठरतं. म्हणजे कापड बाजारातल्या त्या गॅलरीचं, खालच्या दुकानाचं आणि मागच्या गोडाऊनचं भवितव्य नकाशावरच्या एका रेघेत असू शकतं. मसुदा लागला की गल्लीतले आजोबा चष्मा लावून तो बघायला जातात. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांमध्ये त्यांना आपलं घर काही सापडत नाही, म्हणून जाताना ते शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला बरोबर घेऊन जातात.